मुरगाव–कॅसलरॉक: दोन राजवटींमधल्या आगगाडीचा धडा

व्यापारी व कारागीर बंधूंकडून आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. गावाजवळून नवा रस्ता जाणार आहे, रेल्वेचे नवे स्टेशन होणार आहे, तर तेथे गाळा किंवा गोदाम घ्यावे की नाही? प्रश्न रास्त आहे. मार्ग आला की माल येतो, माल आला की गिऱ्हाईक येते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. परंतु मार्ग येतो म्हणजे नेमके काय येते, तो कोणाच्या भरवशावर उभा असतो आणि तो भरवसा किती दिवसांचा असतो, याचा विचार फार थोडे लोक करतात. म्हणून या वेळी सल्ला देण्याऐवजी आम्ही एका जुन्या रेल्वेमार्गाची हकीकत मांडत आहोत. हा मार्ग आपल्या शेजारचाच आहे. गोव्यातील मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून कॅसलरॉकपर्यंत जाणारा. आज तो एकाच देशात आहे, परंतु बांधला गेला तेव्हा त्याचे एक टोक पोर्तुगीज राजवटीत होते आणि दुसरे इंग्रजांच्या हद्दीत.

रेल्वेपूर्वीचा व्यापार

गोवा आणि घाटावरचा मुलूख यांची देवघेव रेल्वेने सुरू केलेली नाही. ती शेकडो वर्षांची आहे. गोव्याच्या मिठागरांतले मीठ, नारळ, सुपारी आणि सुकी मासळी घाट चढून वर जात असे. वरून तांदूळ, ज्वारी, डाळी, मिरची, कापूस व कापड खाली येत असे. वाहतूक होती बैलांच्या पाठीवर. लमाणी आणि वंजारी यांचे तांडे शेकडो बैल घेऊन घाटवाटांनी ये-जा करीत. वर जाताना पाठीवर मीठ आणि खाली येताना धान्य, असा हा दुहेरी व्यापार होता. बैल रिकामा चालला नाही तरच वाहतूक परवडते, हे त्या तांड्यांना कोणी शिकविले नव्हते. पावसाळ्यात वाटा बंद पडत आणि व्यापार थांबे. पण दिवाळीनंतर तो पुन्हा सुरू होई.

या व्यापारात दोन खोडे होते. एक, घाटाची चढण. दुसरा, सरहद्दीवरचे नाके. मीठ वर नेताना इंग्रजांचा कर भरावा लागे. इंग्रज सरकारच्या उत्पन्नात मिठावरील कराचा वाटा मोठा होता, त्यामुळे गोव्याचे स्वस्त मीठ चोरट्या वाटेने येऊ नये म्हणून सरहद्दीवर पहारा ठेवावा लागत असे.

इंग्रजांना गोव्याचे बंदर का हवे होते?

धारवाड, हुबळी, गदग हा भाग कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हा या भागातल्या कापसाला एकदम भाव आला. पण माल समुद्रापर्यंत न्यायचा कसा? कारवार बंदर वाढवून हुबळीपासून तेथपर्यंत रेल्वे न्यावी, अशी मागणी त्याच काळात जोराने झाली. पुढे १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. धान्य वेळेवर पोहोचविण्याची साधने नव्हती म्हणून माणसे मेली, हे सरकारला कळून चुकले. या भागात रेल्वे हवीच, असे ठरले.

आता प्रश्न उरला तो बंदराचा. मुरगाव हे नैसर्गिक बंदर आहे. मुंबईच्या दक्षिणेस असे आडोशाचे खोल पाणी असलेली ठिकाणे थोडीच. परंतु मुरगाव होते पोर्तुगिजांकडे. पोर्तुगिजांजवळ बंदर होते, पण वरचा मुलूख आणि भांडवल नव्हते. इंग्रजांजवळ मुलूख आणि भांडवल होते, पण तेथे बंदर नव्हते. दोघांचीही गरज होती, आणि जेथे दोघांची गरज असते तेथेच सौदा होतो.

१८७८ चा करार

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात करार झाला. इंग्रजांतर्फे वकील रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री आंद्रादे कोर्व्हो हे बोलणी करणारे होते. कराराचा अंमल जानेवारी १८८० पासून सुरू झाला. त्यातली मुख्य कलमे व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायची तर अशी:

एक, पोर्तुगीज हिंदुस्थान आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधले सीमाशुल्क उठले. माल इकडून तिकडे बिनअडथळा जाऊ लागला.

दोन, गोव्यातील मिठाचा संपूर्ण कारभार इंग्रजांच्या ताब्यात गेला. मिठावर ब्रिटिश हिंदुस्थानाइतकाच कर बसला. त्याच्या भरपाईदाखल इंग्रज सरकार दरसाल ४ लाख रुपये पोर्तुगीज सरकारला देऊ लागले.

तीन, मुरगाव बंदर बांधून तेथून घाटापर्यंत रेल्वे न्यायची, आणि इंग्रजांनी आपल्या बाजूने ती पुढे जोडून घ्यायची.

चार, आणि हे कलम वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे, कराराची मुदत होती १२ वर्षे.

बांधकाम

गोव्यातील मार्गासाठी लंडनमध्ये एक कंपनी निघाली. तिचे नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. नाव पोर्तुगीज, पण भांडवल इंग्रजांचे. भागधारकांना ठरावीक टक्के व्याज मिळेल अशी हमी पोर्तुगीज सरकारने दिली. रेल्वेला नफा झाला नाही तर ते व्याज सरकारी तिजोरीतून भरायचे, असा या हमीचा अर्थ. त्या काळी हिंदुस्थानातील पुष्कळ रेल्वे अशाच हमीवर बांधल्या गेल्या. घाटावरच्या बाजूचे काम सदर्न मराठा रेल्वे या दुसऱ्या कंपनीकडे होते. तिची स्थापना १८८२ ची. हुबळीचे रेल्वे वर्कशॉप हे याच कंपनीच्या काळातले. लोहार, सुतार, फिटर अशा कित्येक कारागिरांच्या पिढ्या तेथे कामाला लागल्या.

मुरगावहून कॅसलरॉकजवळच्या सरहद्दीपर्यंत मार्गाची लांबी सुमारे ५१ मैल, म्हणजे ८२ किलोमीटर. मडगाव, सावर्डे, कुळेपर्यंतचा मार्ग सोपा. कुळ्यापासून पुढे मात्र सह्याद्रीची भिंत उभी. समुद्रसपाटीजवळून सुमारे ६०० मीटर उंचीवर चढायचे, तेही पंचवीसेक किलोमीटरच्या आत. साधारण चाळीस फुटांत एक फूट अशी ही चढण. बोगदे खोदावे लागले, दऱ्यांवर पूल बांधावे लागले. दूधसागरच्या धबधब्यासमोरून जाणारा पूल आज पर्यटक हौसेने पाहतात. पण तो बांधणाऱ्या मजुरांनी तेथला पाऊस आणि जंगलातला हिवताप सोसून काम केले, याची आठवण क्वचितच कोणाला होते.

मार्ग मीटरगेज होता. १८८७ च्या आरंभी मुरगावपासून पहिला टप्पा खुला झाला आणि १८८८ मध्ये घाटाचे काम पुरे होऊन गाडी वरच्या मार्गाला जोडली गेली. हुबळीचा कापूस डब्यात भरला की सरळ मुरगावच्या धक्क्यावर उतरू लागला.

हिशेब येथेच चुकला

आता वाचकांनी जरा बोटे मोजावीत. कराराचा अंमल १८८० ला सुरू झाला. मुदत १२ वर्षांची, म्हणजे शेवट जानेवारी १८९२. रेल्वे पुरी झाली १८८८ मध्ये. ज्या करारावर रेल्वे उभी होती, त्यातली आठ वर्षे बांधण्यातच संपली. प्रत्यक्ष व्यापाराला उरली फक्त चार.

त्या चारांतलीही दोन निर्वेध गेली नाहीत. सदर्न मराठा कंपनीने बेळगाव, मिरज, पुणे असा आपला मार्ग पुरा केला आणि १८९० मध्ये लोंढा व पुणे जोडले गेले. पुण्याला माल उतरवून ब्रॉडगेज गाडीत भरावा लागे, तेवढा खर्च आणि वेळ जास्त. तरीही माल मुंबईकडे वळला. का वळला? मुंबईला खरेदीदार होते, बँका होत्या, विमा होता, दर आठवड्याला सुटणाऱ्या आगबोटी होत्या, आणि तेथून परत येताना डबे भरून आणायला कापड, लोखंड व यंत्रे होती. मुरगावला धक्का होता, पण बाजार नव्हता. जवळचे बंदर स्वस्त पडते हे खरे. पण व्यापारी बंदर पाहून माल पाठवीत नाही, गिऱ्हाईक पाहून पाठवितो.

आणि मग जानेवारी १८९२ उजाडला. इंग्रजांनी कराराची मुदत वाढविली नाही. सरहद्दीवरचे नाके परत आले. एकीकडे कॅसलरॉकला इंग्रजांचा नाका, दुसरीकडे कुळ्याला पोर्तुगिजांचा. त्याच डब्यातून, त्याच रुळावरून जाणाऱ्या मालाची आता दोनदा तपासणी होऊ लागली. उतारूंच्या पेट्या उघडल्या जाऊ लागल्या. रूळ तेच होते, पूल तेच होते, फक्त कागद संपला होता.

भुर्दंड कोणावर पडला?

कंपनीच्या भागधारकांचे फारसे बिघडले नाही. त्यांना हमी होती. रेल्वेला पुरेशी मिळकत होईना, तेव्हा व्याजाची तूट पोर्तुगीज सरकारला वर्षानुवर्षे भरून द्यावी लागली. शेवटी १९०२ च्या सुमारास गाड्या चालविण्याचे काम सदर्न मराठा कंपनीकडेच सोपविण्यात आले. पुढे १९०८ मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. म्हणजे मार्ग गोव्यात, पण गाडी चालविणारा आणि पुढचे दर ठरविणारा घाटावरचा.

सर्वांत मोठा भुर्दंड पडला तो मिठागरवाल्यांवर. त्यांना कराराच्या वेळी कोणी विचारले नव्हते. कर बसल्यामुळे गोव्याचे मीठ महाग झाले. जे मीठ स्वस्त म्हणून घाटावर खपत होते, त्याचे तेच एक वैशिष्ट्य नाहीसे झाले. अनेक मिठागरे पडीक झाली. मिठागरात काम करणारे, मीठ वाहणारे होडीवाले, तांडे घेऊन येणारे लमाणी, या सर्वांची रोजी एकाच कलमाने कमी झाली. १२ वर्षांनी करार संपला, परंतु तुटलेले गिऱ्हाईक परत जोडणे सोपे नसते. सरकारला वर्षाला ४ लाख रुपये भरपाई मिळाली, पण ती सरकारला मिळाली. मीठ पिकविणाऱ्याचे नुकसान त्याच्याच घरात राहिले. रोजगारासाठी गोव्यातून मुंबईकडे जाणाऱ्यांचा ओघ पूर्वीपासून होताच. आता त्यांना रेल्वेची सोय झाली. माल नेण्यासाठी बांधलेली गाडी माणसे नेऊ लागली.

एक गोष्ट मात्र इन्साफाने सांगितली पाहिजे. मार्ग अगदी निरुपयोगी ठरला असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बल्लारीकडील सांडूरच्या खाणींचे मँगनीज याच मार्गाने मुरगावला येऊन परदेशी जाऊ लागले. जड व स्वस्त मालाला जवळचे बंदर लागते. कापसाने दगा दिला, पण खनिजाने हात दिला. ज्या मालासाठी मार्ग बांधला त्या मालाने तो तगला नाही, तर वेगळ्याच मालाने तगला.

१९५५: गाडी थांबली

१९४७ मध्ये हिंदुस्थान स्वतंत्र झाला, पण गोवा पोर्तुगिजांकडेच राहिला. कॅसलरॉक आता स्वतंत्र भारताच्या सरहद्दीवरचे स्टेशन झाले. गोवामुक्तीची चळवळ वाढली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला, अनेक सत्याग्रही शहीद झाले. त्या वर्षी भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि सरहद्दीपलीकडे जाणारी रेल्वे बंद पडली.

बेळगावहून रोज गोव्याला जाणारी भाजी, कांदे, बटाटे, धान्य, कापड, सारे थांबले. गोव्याने आपला माल समुद्रमार्गे दूरदेशांहून आणण्यास सुरुवात केली. बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून येऊ लागले. त्याच वेळी गोव्यातील लोहखनिजाला जपान व युरोपातून मोठी मागणी आली आणि त्याच्या पैशावर ही आयात चालली. ते खनिज खाणींपासून बंदरापर्यंत मुख्यत: नदीतून पडावांनी जात होते, त्यामुळे रेल्वे बंद पडूनही ते थांबले नाही. ज्याच्याजवळ दुसरी वाट होती तो तगला. ज्याचा सारा धंदा त्या एका गाडीवर होता, त्याला सहा वर्षे हात बांधून बसावे लागले.

१८ व १९ डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईनंतर गोवा मुक्त झाला. नंतर हा मार्ग भारतीय रेल्वेत सामील झाला आणि ८० वर्षांपूर्वीच्या त्या करारात जे १२ वर्षांसाठी लिहिले होते, ते कायमचे झाले. नाका उठला. १९९० च्या दशकात मार्गाचे ब्रॉडगेज झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली आणि मडगावला दोन मार्गांचा संगम झाला. आता मुरगावहून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे कोळसा याच घाटातून चढतो. मार्ग दुहेरी करण्याचा बेत आहे, पण त्याला गोव्यात विरोधही आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या जंगलातील टप्प्याच्या दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द ठरविली. म्हणजे मार्ग कोणासाठी आणि त्याचा भार कोणावर, हा १८७८ चा प्रश्न अजून मिटलेला नाही.

आणि कारवार? हुबळीहून तेथे रेल्वे येणार म्हणून १८६० च्या दशकापासून लोक वाट पाहत होते. गोव्याचा करार झाला आणि तो बेत मागे पडला. हुबळी–अंकोला मार्गाची चर्चा पुन्हा अनेकदा झाली, पण तो अद्यापि पुरा झालेला नाही. नकाशावरची रेघ पाहून गोदाम बांधणाऱ्याने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

आपल्यासाठी धडा

या हकीकतीवरून आम्हाला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, मुदत वाचा. करार असो, भाडेपट्टा असो, परवाना असो वा एखाद्या मोठ्या कारखान्याने दिलेली ऑर्डर असो, त्याची मुदत केव्हा सुरू होते आणि आपला धंदा प्रत्यक्ष केव्हा सुरू होणार, या दोन तारखांमधले अंतर मोजा. ५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गाळा घेतला आणि फर्निचर, वीजजोडणी, परवाने यांत दीड वर्ष गेले, तर भांडवल साडेतीन वर्षांत फिटले पाहिजे. ते फिटत नसेल तर मुदतवाढीचे कलम आधी लिहून घ्या. तोंडी भरवशावर राहू नका.

दुसरी, रस्ता म्हणजे बाजार नव्हे. माल नेणे सोपे झाले म्हणजे माल खपेलच असे नाही. आणि येताना गाडी रिकामी येणार असेल तर भाडे दुप्पट धरूनच हिशेब करा. लमाणी तांड्यांना हे कळत होते, लंडनच्या कंपनीला कळले नाही.

तिसरी, तोटा झाला तर तो कोण भरणार हे आधी विचारा. ज्याला हमी आहे तो बेफिकीर राहतो, आणि ज्याला हमी नाही त्याच्या घरातून ती वसूल होते. भागीदारीत नफ्याचे टक्के सगळे लिहितात. तोट्याचे टक्केही त्याच कागदावर लिहिले पाहिजेत.

चौथी, एका वाटेवर सारा धंदा ठेवू नका. दुसरे गिऱ्हाईक, दुसरा पुरवठादार, दुसरा माल जोडून ठेवा. तो आज कमी फायद्याचा असला तरी चालेल. कॅसलरॉकची गाडी थांबली तेव्हा नदीतल्या पडावांनी खनिजाचा व्यापार वाचविला.

आणि शेवटी एक विचार. मिठागरवाल्यांना कोणी विचारले नाही, कारण ते एकेकटे होते. त्यांच्या वतीने बोलणारी पेढी किंवा संघटना लिस्बनच्या बैठकीत नव्हती. आज एखादा रस्ता, बंदर किंवा बाजार हलविण्याचा निर्णय होतो तेव्हा जाहीर सूचना निघतात, हरकती मागविल्या जातात, मुदत दिलेली असते. आपल्यापैकी किती जण ती सूचना वाचतात? किती जण मिळून लेखी हरकत देतात? दुकान हलल्यावर तक्रार करण्यापेक्षा मुदतीच्या आत दिलेला एक अर्ज अधिक कामाचा असतो.

अभ्यासासाठी प्रश्न

दुकानावर बसणाऱ्या तरुणांनी खालील प्रश्नांची उत्तरे आपल्याच धंद्यापुरती वहीत लिहून पाहावीत.

१. आपला धंदा कोणत्या लेखी करारावर किंवा परवान्यावर उभा आहे? त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते?

२. आपल्या मालातला किती हिस्सा एकाच गिऱ्हाइकाकडे किंवा एकाच मार्गाने जातो?

३. तो मार्ग सहा महिने बंद पडला तर मजुरी, भाडे आणि हप्ते कोठून देणार?

४. आपल्या मालाचे वैशिष्ट्य स्वस्ताई हेच आहे काय? एखाद्या कराने ती स्वस्ताई गेली तर गिऱ्हाईक आपल्याकडे कशासाठी येईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यास ज्यांना वेळ लागेल, त्यांनी तो वेळ अवश्य काढावा.